कार्बन रोड बाइकची फ्रेम नेमक्या कोणत्या कारखान्यात बनली, हे शोधायचं कसं

“अमुक ब्रँडची फ्रेम कुठे बनते?” असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. कुणी सिरीयल नंबरमधलं पहिलं अक्षर एखाद्या तक्त्यात बघून कारखान्याचं नाव पक्कं करतो, कुणी ‘मेड इन तैवान’ वाचून थेट जायंट या तिथल्या सायकल कंपनीवर बोट ठेवतो. मग त्यावर वाद होतो, आणि तोवर फ्रेम विकतही घेतलेली असते.

चूक बहुतेक वेळा माहितीची नसते, क्रमाची असते. लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. म्हणून खाली क्रम दिला आहे. तो मोडलात तरी उत्तर मिळेल, पण ते बरोबर आहे की नाही हे तुम्हालाच कळणार नाही.

१. आधी प्रश्न दुरुस्त करा

ब्रँडला एकच कारखाना नसतो. कोलनागोची सी६८ इटलीत जोडली जाते, तर त्याच ब्रँडच्या व्ही मालिकेतल्या मोनोकॉक, म्हणजे एकसंध साच्यातून निघणाऱ्या, फ्रेम आशियातून येतात. तेव्हा ‘कोलनागो कुठे बनते’ याला उत्तरच नाही. ‘हे मॉडेल, या वर्षाचं, या साइजचं’ असा प्रश्न केला तरच शोध पुढे सरकतो. साइज मुद्दाम लिहितो आहे, कारण प्रत्येक साइजचा साचा वेगळा असतो. मॉडेल चाललं की काम दुसऱ्या कारखान्याकडेही सोपवलं जातं. वर्ष लिहायला विसरलात तर जुना पुरावा नव्या फ्रेमला चिकटतो.

दुसरी दुरुस्ती ‘कारखाना’ या शब्दाची. एका फ्रेममागे सहा-सात हात असतात: धागा बनवणारा, त्या धाग्याचे रेझिन लावलेले तक्ते म्हणजे प्रीप्रेग तयार करणारा, साच्याचा मालक, साच्यातून फ्रेम काढणारा, रंग देणारा, सायकल जोडणारा, आणि या सगळ्यांच्या मध्ये उभा असलेला व्यापारी. नाव सापडतं ते यातल्या कुणाचंही. एक ताजं उदाहरण पाहा: फ्रेमवर ‘टोरे टी८००’ लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो, ही टोरेने बनवली. टोरे ही धागा बनवणारी जपानी कंपनी. कापडाच्या गिरणीने शर्ट शिवला म्हणण्यातला तो प्रकार.

मी व्याख्या अशी धरतो: फ्रेमचा पुढचा त्रिकोण, म्हणजे वरची, खालची आणि सीटची नळी मिळून होणारा भाग, ज्या जागी तापलेल्या साच्यातून बाहेर निघाला, तो कारखाना. कारण फ्रेमचं भलंबुरं तिथेच ठरतं. प्रीप्रेगचे शेकडो तुकडे ठरलेल्या कोनात हाताने रचतात, आत फुगा घालतात, साचा बंद करून दाब आणि उष्णता देतात. मागच्या नळ्या बहुतेकदा वेगळ्या काढून नंतर चिकटवतात, त्यावर कार्बनचे पट्टे गुंडाळतात. घासणं, भरणी आणि रंग त्यानंतर. रंगाचं काम दुसऱ्या देशात झालं तरी माझ्या वहीत कारखाना बदलत नाही.

तपासा: ब्रँड, मॉडेल, वर्ष, साइज या चार गोष्टी एका ओळीत लिहिता येत नसतील तर पुढे जाऊ नका.

२. वही आखा

हे कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो. चार रकाने पुरे: दावा, कुठे मिळाला, कधीचा, आणि दर्जा. दर्जासाठी मी तीन अक्षरं वापरतो.

‘अ’ म्हणजे कारखान्याने किंवा ब्रँडने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं, किंवा सरकारी कागदात आलेलं. ‘ब’ म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन पुराव्यांवरून निघणारं. ‘क’ म्हणजे बाकी सगळं: ऐकीव, विक्रेत्याचं बोलणं, कुणाच्या तरी यादीतलं नाव.

इशारा: तीन ठिकाणी तेच नाव दिसलं म्हणजे तीन पुरावे झाले असं नाही. बहुतेकदा तिघांनी एकाच जुन्या यादीतून उचललेलं असतं. शब्दरचना किंवा स्पेलिंगची चूकही तीच असेल तर तो एकच पुरावा धरा, आणि तोही ‘क’.

३. फ्रेम हातात घ्या

इंटरनेटवर जाण्याआधी सायकल उलटी करा. बॉटम ब्रॅकेटखालचा, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या भागाखालचा, केबल गाइड किंवा प्लास्टिकचं झाकण काढा, ओल्या फडक्याने ग्रीस आणि माती पुसा, टॉर्च बाजूने तिरपा धरा. समोरून उजेड टाकला तर वार्निश चमकतं आणि अक्षरं दिसत नाहीत. माझ्या एका फ्रेमवर वार्निशखालच्या पांढऱ्या पट्टीवरचा नंबर मी दोन शनिवार-रविवार ‘बी’ने सुरू होतो असं समजून शोधत होतो. तिरप्या उजेडात कळलं, तो आठचा आकडा होता, आणि अर्धा रंगाखाली गेला होता. वहीतली सगळी पानं रद्द.

या गोष्टींचे फोटो काढा आणि प्रत्येकाखाली माप किंवा मजकूर लिहा:

सिरीयल नंबर, अक्षरं जशीच्या तशी. देशाचं नाव असलेली पट्टी, म्हणजे ‘मेड इन’ असो वा ‘डिझाइन्ड इन’. फ्रेमवर यूसीआयची, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेची, छोटी चौकट असेल तर तिच्यातला पूर्ण कोड. मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर बसतो तो सुटा तुकडा, काढून त्याच्या दोन्ही बाजू, स्क्रूंमधलं अंतर मोजून. बॉटम ब्रॅकेटचा प्रकार आणि रुंदी. सीटपोस्टचा आकार आणि तो आवळण्याची तऱ्हा. केबल आत शिरते ती जागा. हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या जोडाच्या, खालच्या बेअरिंगवर छापलेलं माप.

आता सिरीयल नंबरविषयी. आयएसओ ४२१० हे सायकलच्या सुरक्षिततेचं मानक फ्रेमवर सहज दिसेल असा कायमचा क्रमांक मागतं. पण तो क्रमांक कसा रचायचा हे प्रत्येक ब्रँड किंवा कारखाना स्वतः ठरवतो. ‘पहिलं अक्षर म्हणजे कारखाना, पुढचे दोन आकडे म्हणजे वर्ष’ असे जे तक्ते फिरतात ते एखाद्या ब्रँडच्या एखाद्या काळासाठी खरे असतीलही. दुसऱ्या ब्रँडला लावलेत की ज्योतिष सुरू झालं. नंबरचा खरा उपयोग दोन ठिकाणी: ब्रँडला प्रश्न विचारताना, आणि रिकॉलच्या, म्हणजे दोषामुळे परत मागवलेल्या मालाच्या, यादीत आपली फ्रेम आहे का बघताना.

यूसीआयच्या चौकटीचंही तसंच. १ जानेवारी २०११ पासून शर्यतीत वापरायच्या नव्या फ्रेम आणि फोर्कना (पुढचं चाक धरणारा चिमटा) मंजुरी लागते, आणि मंजूर मॉडेलांची यादी जाहीर असते. कोडवरून ब्रँड आणि मॉडेल कळतं. ती मंजुरी आकार आणि नियमांची आहे, ताकदीची नाही, आणि साचा कुणाकडे आहे हे ती सांगत नाही. तरी यादी बघा. नकली फ्रेमवर अनेकदा असा कोड असतो जो यादीत सापडतच नाही किंवा भलत्याच मॉडेलचा निघतो.

तपासा: हँगरवर ‘यूडीएच’ असेल तर हँगरचा पुरावा बाद. सायकलचे भाग बनवणाऱ्या श्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला हा एकच हँगर सगळ्यांसाठी आहे, त्यावरून कारखाना ओळखता येत नाही.

४. देशाचा शब्द नीट वाचा

‘डिझाइन्ड इन’, ‘इंजिनिअर्ड इन’, ‘फिनिश्ड इन’ यांतला एकही शब्द साच्याची जागा सांगत नाही. ‘मेड इन’ सांगतो, पण तो फ्रेमवर आहे की पूर्ण सायकलवर, हे बघावं लागतं. पूर्ण सायकलीवरचा देश हा जोडणीचा देश असू शकतो. यामागे कराचं गणित आहे. चीनमधून येणाऱ्या सायकलींवर युरोपीय संघाने १९९३ पासून डंपिंगविरोधी शुल्क लावलं आणि २००५ मध्ये ते ४८.५ टक्क्यांवर नेलं. त्यामुळे फ्रेम एका देशात, जोडणी दुसऱ्या देशात ही व्यवस्था या धंद्यात नेहमीची झाली.

आणखी एक खड्डा कायद्याच्या भाषेत आहे. युरोपातल्या सर्वसाधारण उत्पादन-सुरक्षा नियमानुसार, जो १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, वस्तूवर ‘उत्पादक’ म्हणून नाव-पत्ता द्यावा लागतो. पण स्वतःच्या नावाने वस्तू बाजारात आणणारा ब्रँडच त्या नियमात उत्पादक धरला जातो, मग ती प्रत्यक्ष कुणीही बनवलेली असो. डब्यावरचा हा पत्ता वाचून “बघा, युरोपातच बनते” म्हणणारे मी पाहिले आहेत. तो पत्ता एखाद्या ऑफिसचा असतो.

५. स्वतः बनवणारे आधी वेगळे काढा

काही ब्रँडांसाठी शोध इथेच संपतो, म्हणून ही पायरी पुढच्या कागदपत्रांच्या आधी.

तैवानची जायंट धाग्यापासून स्वतःचं कार्बन कापड तयार करते आणि फ्रेमही स्वतःच्या कारखान्यांत काढते. शिवाय ती वर्षानुवर्षं इतर ब्रँडांसाठीही फ्रेम बनवत आली आहे. मेरिडा हीदेखील तैवानची, स्वतःचा ब्रँड आणि दुसऱ्यांसाठी उत्पादन अशी दोन्ही कामं करणारी. फ्रान्सच्या लुकचा स्वतःचा कारखाना ट्युनिशियात आहे. टाइम या ब्रँडची पद्धतच वेगळी: विणलेल्या कोरड्या धाग्याच्या नळ्या साच्यात ठेवून दाबाने रेझिन आत सोडतात. ही पद्धत फार थोडे लोक वापरतात, त्यामुळे टाइमची फ्रेम ‘कुठल्याही कारखान्यातून’ येण्याची शक्यता मुळात कमी. फॅक्टर हा ब्रँड आशियात कार्बन फ्रेमचं उत्पादन करणाऱ्या माणसानेच हाती घेतलेला आहे.

सगळ्यात जास्त घसरगुंडी मेरिडापाशी होते. २००१ मध्ये मेरिडाने स्पेशलाइज्ड या अमेरिकन ब्रँडमध्ये ४९ टक्के हिस्सा घेतला. त्यावरून लोक सरळ लिहितात, ‘स्पेशलाइज्डच्या फ्रेम मेरिडा बनवते.’ काही बनवतही असेल, पण भागभांडवल म्हणजे साचा नव्हे. अशी नोंद माझ्या वहीत ‘क’ दर्जावरच राहते, मॉडेलनिहाय पुरावा येईपर्यंत.

६. कागद शोधा

इथे वेळ घालवा. बाकी पायऱ्या मिळून जेवढं सांगतात तेवढं ही एकटी सांगते, आणि फसवतेही तेवढीच.

रिकॉलची पत्रकं. अमेरिकेतला ग्राहक-सुरक्षा आयोग परत मागवलेल्या वस्तूंची पानं जाहीर ठेवतो. त्यात मॉडेल, विक्रीचा काळ, आयातदार आणि उत्पादनाचा देश असतो, आणि कधीकधी उत्पादक म्हणून चक्क कारखान्याचं नाव. ते मिळालं तर ‘अ’ दर्जा. फक्त रिकॉल कशाचा आहे ते वाचा. फोर्क, हँडलबार किंवा स्टेमचा असेल तर ते नाव त्या भागापुरतंच. फोर्क एकाकडे आणि फ्रेम दुसऱ्याकडे ही अगदी रोजची गोष्ट आहे.

जहाजाची बिल ऑफ लेडिंग, म्हणजे कुणी कुणाला काय माल पाठवला याची पावती. अमेरिकेत समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची माहिती सार्वजनिक होते आणि इम्पोर्टयेती, पांजिवा यांसारख्या ठिकाणी शोधता येते. पद्धत अशी:

आधी ब्रँडचं नाव नको, आयात करणाऱ्या कंपनीचं कायदेशीर नाव शोधा. सर्व्हेलो आणि कॅननडेल हे दोन्ही ब्रँड पॉन होल्डिंग्ज या डच समूहाकडे आहेत. अशा वेळी माल कुणाच्या नावावर उतरेल हे ब्रँडच्या लोगोवरून कळत नाही. वेबसाइटच्या तळाशी किंवा वॉरंटीच्या अटींमध्ये कायदेशीर नाव असतं, तिथून उचला.

मग मालाचं वर्णन बघा. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात पूर्ण सायकल ८७१२ खाली येते, तर फ्रेम, फोर्क आणि त्यांचे भाग ८७१४.९१ खाली. पहिल्या क्रमांकाखाली सापडलेला पाठवणारा बहुधा सायकल जोडणारा असतो. दुसऱ्या क्रमांकातही स्टील आणि ॲल्युमिनियम मिसळलेलं असतं, तेव्हा वर्णनात ‘कार्बन’ शब्द हवा.

आणि वजन. याकडे कुणी बघत नाही. समजा नोंद आहे १२० खोकी, १,८०० किलो. भागाकार करा: खोक्याला १५ किलो. ही डब्यात भरलेली पूर्ण सायकल आहे, वर्णनात काहीही लिहिलेलं असो. तीच १२० खोकी ४८० किलोंची असतील तर खोक्याला ४ किलो, म्हणजे फ्रेम, फोर्क, सीटपोस्ट आणि पुठ्ठा. एका खोक्यात चार-पाच फ्रेम भरल्या असतील तर हा हिशेब बिघडतो, म्हणून नग आणि खोकी दोन्ही आकडे दिसतात का बघा.

इशारे, तिन्ही महत्त्वाचे. विमानाने आलेला माल या नोंदींत येत नाही, आणि हलक्या, महाग फ्रेम विमानाने जाणं साहजिक आहे. आयातदार आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती करू शकतो, त्यामुळे ‘नोंद सापडली नाही’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि पाठवणाऱ्याच्या जागी ‘लॉजिस्टिक्स’, ‘फॉरवर्डिंग’, ‘ट्रेडिंग’ असे शब्द असलेलं नाव आलं तर तो वाहतूकदार किंवा मध्यस्थ. तो पत्ता धरून कारखाना शोधायला निघालात तर गोदामाच्या दारात पोचाल.

वार्षिक अहवाल. तैवानच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल खुले असतात. जायंट ९९२१, मेरिडा ९९१४, टॉपकी ४५३६, ॲडव्हान्स्ड इंटरनॅशनल मल्टिटेक ८९३८ हे त्यांचे क्रमांक. नावापेक्षा क्रमांकाने शोधलं की भलती कंपनी समोर येत नाही. मोठ्या ग्राहकांचा तक्ता त्यात असतो, पण पुष्कळदा ‘ग्राहक ए’, ‘ग्राहक बी’ अशा टोपणनावांनी. मग काय उपयोग? कारखाने कोणत्या देशात आहेत, कशाचं उत्पादन कुठे होतं, हे त्यातून कळतं. टॉपकी रॅकेटीही बनवते, ॲडव्हान्स्ड गोल्फचं सामान. ‘कार्बनचं काम करणारी कंपनी’ एवढ्यावरून ‘या पत्त्यावर सायकलच्या फ्रेम निघतात’ असं लिहायचं नाही, ही शिस्त हे अहवाल लावतात. कंपनी तैवानची आणि साचा चीनच्या मुख्य भूमीवर किंवा व्हिएतनाममध्ये, हेही इथेच उघड होतं.

डिझाइनची नोंदणी. फ्रेमच्या आकाराची नोंद कुणाच्या नावावर आहे ते युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालयाच्या शोधात किंवा इतर देशांच्या डिझाइन-यादीत मिळतं. नोंद ब्रँडच्या नावावर असेल तर साचा बंदिस्त असण्याकडे कल (खुला आणि बंदिस्त म्हणजे काय, ते पुढच्या पायरीत). कारखान्याच्या किंवा अनोळखी कंपनीच्या नावावर असेल, आणि तारीख ब्रँडच्या जाहिरातीपेक्षा जुनी असेल, तर तो खुल्या साच्याचा ठळक इशारा.

तपासा: आतापर्यंत ‘अ’ दर्जाची एकही नोंद नसेल तर ठीक आहे. पण कारखाना म्हणून लिहिलेलं एखादं नाव अचानक ‘पक्कं’ वाटू लागलं असेल तर मागे जा आणि ते पहिल्यांदा कुठे वाचलं ते बघा.

७. खुला साचा की बंदिस्त

खुला साचा म्हणजे साच्याचा मालक कारखाना. तीच फ्रेम दहा नावांनी विकली जाते. बंदिस्त म्हणजे साच्याचे पैसे ब्रँडने मोजलेले आणि आकार त्याच्यापुरता. डेंगफू, होंगफू ही नावं खुल्या साच्याच्या फ्रेम घेणाऱ्यांना ओळखीची आहेत.

ओळखायचं कसं? भूमिती जुळवून. स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं उभं आणि आडवं अंतर), चेनस्टेची (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीची) लांबी, हेडट्यूबची (हँडलखालच्या नळीची) लांबी, बॉटम ब्रॅकेटचा ड्रॉप (तो चाकांच्या आसांपेक्षा किती खाली आहे) हे आकडे किमान चार साइजमध्ये शेजारी शेजारी मांडा. एका साइजमध्ये जुळणं योगायोग असू शकतो, कारण मधल्या साइजची रोड फ्रेम सगळ्यांची जवळपास सारखीच असते. सगळ्यात छोटी आणि सगळ्यात मोठी साइज जुळली तर मात्र लक्ष द्या; टोकाच्या साइजना प्रत्येक डिझाइनर आपापली तडजोड करतो. एखादा मिलिमीटर गोलाकारात इकडेतिकडे होतो. पण सगळ्या साइजमध्ये स्टॅक एकाच आकड्याने सरकलेला दिसला, समजा सरसकट १५ मिलिमीटर, तर एकाने हेडसेटचं झाकण धरून मोजलं आहे आणि दुसऱ्याने न धरता. फ्रेम तीच असण्याची शक्यता त्याने कमी होत नाही.

त्यानंतर हँगर. हँगर बनवणाऱ्यांच्या याद्यांमध्ये एकाच हँगरखाली तो लागू पडणारे ब्रँड आणि मॉडेल लिहिलेले असतात. तुमच्या हँगरखाली चार अनोळखी ब्रँड आणि तुमचा महागडा ब्रँड एका ओळीत बसलेला असेल तर त्या चौघांची भूमिती काढा. हा माझा सगळ्यात आवडता पुरावा आहे. कुणी खोटं बोलण्यासाठी तो तयार केलेला नसतो, फक्त सुटा भाग विकायचा असतो.

इशारा: भूमिती आणि आकार जुळला म्हणजे साचा एकच, असं ‘ब’ दर्जाने म्हणता येतं. पण नक्कल करणारेही आकारच जुळवतात. ‘तीच फ्रेम, त्याच कारखान्यातून, फक्त लोगो नाही’ असं सांगून नामांकित ब्रँडच्या बंदिस्त साच्याची फ्रेम कुणी विकत असेल तर ती नक्कलच समजा. ब्रँडने पैसे मोजलेल्या साच्यातून काढलेल्या फ्रेम मागच्या दाराने उघडपणे विकायला कारखाना आपला मोठा ग्राहक पणाला लावत नाही.

आणि साचा एक म्हणजे फ्रेम एक, हेही खरं नाही. स्पेशलाइज्डच्या टारमॅक एसएल७चा बाहेरचा आकार सारखाच, पण एस-वर्क्स या सगळ्यात वरच्या श्रेणीत फॅक्ट १२आर कार्बन आणि खालच्या श्रेणीत फॅक्ट १०आर. आतली रचना बाहेरून दिसत नाही. भूमितीचा तक्ता तर ती कधीच दाखवणार नाही.

८. कारखाना की व्यापारी: विक्रेत्याची तपासणी

ही पायरी थेट आशियातून फ्रेम घेणाऱ्यांसाठी. ब्रँडची फ्रेम असेल तर पुढच्या पायरीवर जा.

विक्रेता म्हणतो, “आम्हीच कारखाना.” त्याच्याकडून व्यवसाय-परवान्याचा फोटो मागा. चीनमध्ये त्यावर १८ अक्षर-अंकांचा सामाजिक पत-संकेतांक असतो. तो देशाच्या कंपनी-नोंदीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघता येतो. तिथे व्यवसायाच्या व्याप्तीचा रकाना भाषांतर करून वाचा. त्यात उत्पादन आहे की फक्त विक्री आणि आयात-निर्यात? उत्पादनाचा शब्द नसेल तर तो व्यापारी. तैवानमध्ये कंपनीचा क्रमांक आठ आकडी असतो आणि कंपनी-नोंदीशिवाय कारखान्याची वेगळी नोंद असते, दोन्ही बघा. पैसे ज्या खात्यात मागितले त्या खात्याचं नाव आणि परवान्यावरचं नाव एकच आहे का, हे विसरू नका.

मग व्हिडिओ कॉल, थेट. रेकॉर्ड केलेली चित्रफीत चालणार नाही. आजची तारीख लिहिलेला कागद साच्यावर ठेवायला सांगा. आणि या क्रमाने फिरवायला सांगा: प्रीप्रेग ठेवायची शीतखोली, तुकडे कापायचं टेबल, रचाईची जागा, तापणारे प्रेस, चिकटवण्याचे जिग, घासणं. शीतखोली मुद्दाम पहिली, कारण प्रीप्रेग साधारण उणे १८ अंशांवर ठेवावं लागतं आणि रचाई करणाऱ्या कारखान्याला शीतखोलीशिवाय चालत नाही. व्यापारी तुम्हाला शोरूम, रंगाची खोली आणि पॅकिंग दाखवेल. मला एकाने अर्धा तास रंगाची बूथ दाखवली. फार सुरेख रंगकाम होतं. साचा कुठे आहे विचारल्यावर “दुसऱ्या इमारतीत, आज बंद आहे,” आणि ती इमारत पुढच्या तिन्ही कॉलला बंदच होती.

व्यापारी असणं म्हणजे फसवणूक नव्हे. अनेक चांगले व्यापारी दर्जा कारखान्यापेक्षा नीट तपासतात. पण मग वहीत त्याचं नाव ‘कारखाना’ या रकान्यात जात नाही.

९. आता विचारा

ब्रँडला पत्र लिहायची वेळ ही. सुरुवातीलाच “तुमच्या फ्रेम कुठे बनतात?” असं विचाराल तर “जगातल्या सर्वोत्तम भागीदारांकडे” असं गुळगुळीत उत्तर येईल. हातात माहिती असताना नेमकं, एका-दोन शब्दांत उत्तर देता येईल असं विचारा:

“या सिरीयल नंबरच्या फ्रेमचा पुढचा त्रिकोण कोणत्या देशात साच्यातून काढला गेला? साचा फक्त तुमच्यासाठी आहे का? फ्रेम आणि फोर्क एकाच ठिकाणी बनतात का? आयएसओ ४२१०च्या चाचण्या कारखान्यात होतात की बाहेरच्या प्रयोगशाळेत?”

कारखान्याचं नाव ते सांगणार नाहीत असं गृहीत धरा. करारात गुप्ततेचं कलम असतं. पण देश आणि साच्याची मालकी याचं उत्तर अनेकदा मिळतं. त्यातून तुमच्या यादीतली दोन-तीन नावं आपोआप गळतात.

कारखान्यालाही विचारता येतं, पण सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे प्रदर्शनं: तैपेई सायकल, शांघायचं चायना सायकल, युरोबाइक. सहभागी कंपन्यांची यादी आधी बघा, आपल्या वहीतली नावं तिच्यात आहेत का ते जुळवा. स्टॉलवर मांडलेली बिनलोगोची फ्रेम दिसली की हँगर आणि केबल शिरण्याची जागा यांचा फोटो, अर्थात विचारून.

इशारा: “आम्ही त्या मोठ्या ब्रँडसाठी काम करतो” हे वाक्य स्टॉलवर फार स्वस्त असतं. कोणता भाग, कोणतं वर्ष, असं विचारा. बाटलीचा पिंजरा बनवला असेल तरी वाक्य खोटं ठरत नाही.

१०. निष्कर्ष लिहायची रीत

निष्कर्ष पुराव्याच्या दर्जापेक्षा वर चढू देऊ नका. ‘क’ दर्जाच्या पाच नोंदी मिळून ‘ब’ होत नाही. दोन कारखान्यांची नावं समान ताकदीने उभी असतील तर दोन्ही लिहा. शेवटी नोंद अशी दिसायला हवी:

“ब्रँड एक्स, मॉडेल वाय, २०२३, साइज ५४. देश: तैवान (फ्रेमवरची पट्टी आणि ब्रँडचं पत्र, अ). साचा: बंदिस्त (डिझाइन नोंदणी ब्रँडच्या नावावर, भूमिती कुठे जुळली नाही, ब). कारखाना: दोन नावं शक्य; एक जहाजाच्या नोंदीतून, खोक्याचं वजन फ्रेमला जुळतं, पण वर्णनात ‘कार्बन’ नाही (क), दुसरं ऐकीव (क). फोर्क: तपासलेला नाही. २०२४च्या मॉडेलला ही नोंद लागू नाही.”